तानबाची गवळाऊ गाय

नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर तानबाच्या घरात उन्हाळ्यापर्यंत एकच वाद चालला. गाय घ्यायची की बकऱ्या?

आंजी गावाच्या पलीकडे, नाल्याच्या काठाला त्याची दोन एकर मुरमाड जमीन होती. बायको आनंदाबाई म्हणायची, "बकऱ्या घेऊ. बोरीचा पाला खाते, बाभळीच्या शेंगा खाते. गाईले कुरण लागते, आन् कुरण पाटलाच्या हातात हाये."

"कुरण साऱ्या गावाचं हाये," तानबा म्हणाला. "जिंदगीभर मी मेलेली ढोरं ओढली. एक जिती गाय पाहिजे मले."

तानबानं आर्वीच्या बाजारातून पांढरी, गवळाऊ जातीची गाय आणली. पहिलारू, गाभण.

भाजीच्या बाबतीत मात्र आनंदाबाईचं चाललं. त्याला वाफे करायचे होते. "वाफ्याले पानी कोन देईल? गावची विहीर आपल्याले बंद," ती म्हणाली. तिनं हातभर खोल आळी खोदली, शेणखत आणि कडुनिंबाचा पाला भरून त्यांत वांगी लावली. नाल्यातून डोक्यावर आणलेलं पाणी, आळ्याला एक एक लोटा. झाडं धरली.

श्रावणात पाटलाचा बैल मेला. पाटलाचा सालदार हरिदास बोलवायला आला.

"तानबा, बैल ओढून ने."

"ते काम सोडलं आमी, भाऊ. पाटलाले सांगजो."

दुसऱ्या दिवशी गुराख्यानं तानबाची गाय कुरणाच्या तोंडावरूनच परत हाकलली. रोज हेच होऊ लागलं. त्यात भादव्यात पाऊस थांबला. नाल्याकाठचं गवत तानबानं मुळापर्यंत कापून घातलं, तरी गाईच्या फासळ्या दिसू लागल्या. एका दुपारी तिनं दावं तोडलं आणि ती त्याच्याच शेतातल्या ज्वारीत शिरली. पाण्यावाचून गुडघ्याएवढी खुरटलेली ती ज्वारी जनावराला विषासारखी असते. तानबा धावत पोचला तेव्हा गाय थरथरत खाली बसली होती. त्यानं गुळाचं पाणी पाजून पाहिलं. ते तोंडातून परत आलं. घटकाभरात ती गेली, पोटातल्या वासरासकट.

हरिदास शेताच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला. "कातडं तरी काढून घे. तुयीच गाय हाये ना, काऊन वाया घालवतं?"

तो गेल्यावर आनंदाबाई हळूच म्हणाली, "काढत असान तर काढा. कातड्यात एक बकरी येईल. मी कोनाले सांगनार नाई."

तानबानं तिच्याकडे पाहिलं. "मले तर मालूम राहीन ना," तो म्हणाला.

तानबा गाय पुरायला गेला, तर मुरमात कुदळ शिरेना. आळ्यांची जागा तेवढी मऊ होती. तो तिथं नुसताच उभा राहिलेला पाहून आनंदाबाईनं स्वतःच वांग्याची झाडं उपटायला सुरुवात केली. काही फुलावर होती, काहींना बोटाएवढी वांगी धरली होती. मग दोघांनी मिळून कंबरेएवढा खड्डा केला. गाईच्या पायांना दोर बांधताना तानबाच्या हातांना काही आठवावं लागलं नाही. गाठ आपोआप बसली. तेव्हा तो खाली बसला आणि ढसाढसा रडला. आनंदाबाईनं दोर धरला.

दुसऱ्या दिवसापासून ती आंजीला मजुरीनं निंदायला जाऊ लागली. तानबा चार दिवस शेतातले दगड वेचून त्या मातीवर रचत होता, कुत्री उकरतील म्हणून.