कडीवरचा लाल दोरा

चौथ्या दिवशीही दुपारी साडेतीनला दोरा जसाच्या तसा होता. दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी नीट निरखून बघितलं. कडीला दोन वेढे, खाली बारीकशी गाठ. कुणी हात लावलेला नव्हता.

"बघा," मी आत वळून नवऱ्याला म्हटलं. "आजही आला नाही तुमचा हणमंत."

"माझा कसला?" सतीश बटणांचे डबे लावत म्हणाला. "अगं, तू पोलिसातच जायला हवी होतीस. इथे बटणांत वाया गेलीस."

जुन्या हुबळीत आमचं शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान आहे. दोरे, बटणं, अस्तर, लेस. सतीशच्या आजोबांनी मिरजेहून येऊन थाटलेलं. दुकानाच्या खांबावर पोलिसांची टिनाची एक पेटी आहे आणि पेटीत वही. गस्तीचा पोलीस येतो, वेळ लिहितो, सही करतो आणि पुढे जातो. अकराला, तीनला आणि संध्याकाळी सातला. बाकीकडे हे सगळं आता मोबाइलवर होतं म्हणे, आमच्याकडे मात्र अजून वहीच. कोपऱ्यावरच्या चौकीत पूर्वी चार माणसं होती. एक निवृत्त झाला, दोघांना दुसरीकडे नेलं, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. उरला एकटा हणमंत. हेडकॉन्स्टेबल, अळणावरकडचा, नोकरीचे अकरा महिने राहिलेला.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यानं न मागता जास्त दूध घातलं, तर मला वाटतं, आज पाणी जास्त झालं असणार. हणमंतवरही माझा डोळा उगाच नव्हता. वहीत तीनची आणि सातची सही एकाच पेनाची, एकाच वळणाची. दुपारी तो मला कित्येक दिवसांत दिसला नव्हता. पण गिऱ्हाईक असलं की माझं लक्ष नसतं, उद्या तो म्हणायचा, मी येऊन गेलो. म्हणून दोरा. रोज अकराची सही करून तो गेला की मी पेटीच्या कडीला लाल रेशमी दोरा गुंडाळायची. सातला तो यायचा, दोरा तोडून पेटी उघडायचा आणि दोन्ही वेळा एकदमच भरून टाकायचा. दुपारी कुठे लोळत असेल, कुणाकडे पत्ते कुटत असेल, देव जाणे. इकडे सतीश जेवून आडवा झालेला, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि दुकानात मी एकटी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पाचव्या दिवशी हेमावती मॅडम आल्या. पोलिसांच्या कचेरीतल्या. साध्या साडीत, काखेत फाईल. आमचं बोलणं कन्नडमधूनच झालं.

"माणसं कमी आहेत, अक्का, आणि बजेट त्याहून कमी," त्या म्हणाल्या. "कुठली चौकी ठेवायची, कुठली उठवायची, ते ठरायचंय. म्हणून लोकांचं म्हणणं घेतोय. गस्त वेळेवर होते का?"

बाई फार गोड बोलत होती, त्यामुळे मला तिचाही संशय आला. पण महिनाभर जे बोलायला मी तडफडत होते, ते कुणीतरी आपणहून विचारत होतं.

"अकराची होते, सातची होते," मी म्हणाले. "तीनची फक्त वहीत होते."

मग दोऱ्याची सगळी हकीकत सांगितली. मॅडमनी लिहून घेतली, खाली माझी सही घेतली. आतून सतीश खोकला. मी गप्प बसावं असं वाटलं की तो असा खोकतो. मी बसले नाही. वरचे हणमंतला जरा झापतील आणि उद्यापासून तो तीनला हजर होईल, एवढंच माझ्या मनात होतं.

त्याच आठवड्यात मी सुक्या मिरच्या आणायला अमरगोळच्या मार्केट यार्डात गेले. दुपारचे तीन वाजले असतील. फाटकावर ट्रक आणि टेम्पो एकमेकांत अडकलेले, सगळे एकदम हॉर्न वाजवत होते, आणि मधोमध शिट्टी तोंडात धरून हणमंत उभा. वर्दी घामानं पाठीला चिकटलेली. सोबत दुसरा कुणी नाही.

"हणमंतअण्णा, तुम्ही इथं?"

"दोन महिने झाले की, अक्का." शिट्टी काढून तो हसला. "इथला माणूस बेलूरला दिलाय, कारखान्यांकडं. म्हणून दुपारी मी इथं, बाकीच्या वेळी तुमच्यात. तोंडी हुकूम. माणूसबळच नाही वो, वरचे तरी काय करतील?"

"मग वहीतली तीनची सही?"

त्यानं हसणं आवरलं. एका टेम्पोला हात करून पुढे काढला आणि मगच बोलला.

"सही नसली की कागदावर चौकी रिकामी दिसतीय. रिकामी दिसली की उठवत्यात. अकरा महिने कसेतरी ओढून नेतो म्हटलं. चौकी चालू असताना मी गेलो, की ती पार रिकामी ठेवता येत नाही, माझ्या जागेवर कुणालातरी द्यावंच लागतंय त्यांना."

मिरच्या न घेताच मी परतीच्या बसमध्ये बसले. माझी मलाच लाज वाटत होती. माणूस दोन ठिकाणी राबत होता आणि मी त्याला मनातल्या मनात पत्ते खेळायला बसवलं होतं.

घरी आल्याआल्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, मला माझं म्हणणं परत घ्यायचंय."

"का? तुम्ही सांगितलंत ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं." मी यार्डातलं सगळं सांगितलं.

"तोंडी हुकूम आमच्याकडे कुठे लिहिलेला नाही, अक्का." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि दोन महिने दुपारी माणूस नव्हता, तरी गल्लीत काही झालं नाही ना? मग चौकीची गरज नाही, असा शेरा पडलाय. वर गेलंही ते."

"आणि हणमंतअण्णांचं?"

"खोटी नोंद केली म्हणून नोटीस निघेल." हेही त्या तशाच गोड आवाजात म्हणाल्या.

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्याला एकही नोटीस आलेली नाही, हे मला चौकीसमोरच्या चहावाल्याकडून कळलं. त्या रात्री मी जेवले नाही. सतीशनं माझं ताट झाकून ठेवलं.

पंधरा दिवसांनी, दुपारी, हणमंत पायरीशी येऊन उभा राहिला. वर्दी इस्त्रीची.

"अक्का, पेटी न्यायला आलोय. स्क्रूड्रायव्हर असंल काय?"

सतीशनं तो काढून दिला आणि कामाचं निमित्त करून आत गेला. पंधरा दिवस मी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

"अण्णा, मॅडमना मीच सांगितलं."

"ठाऊक आहे."

त्यानं पेटी उघडली, वही काढली, घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं. तीच वेळ लिहिली आणि सावकाश सही केली. मग वहीच्या शेवटच्या पानातून लाल दोऱ्याचे चार तुकडे काढले आणि माझ्यासमोर फळीवर एकाशेजारी एक ठेवले.

"पहिल्याच दिवशी दिसला," तो म्हणाला. "हा रंग गल्लीत तुमच्याकडंच मिळतोय."

"मग बोलला का नाहीत मला?"

"तुम्ही विचाराल म्हणून वाट बघितली, अक्का."

चारी स्क्रू काढून त्यानं खिशात टाकले. स्क्रूड्रायव्हर पुसून, मुठीची बाजू माझ्याकडे करून परत दिला. मग पेटी काखेत धरली आणि रोजच्या गस्तीच्या चालीनं, डाव्या-उजव्या एकेका दुकानाकडे बघत, कोपऱ्यापर्यंत गेला.