एक्क्याण्णवावा खण

मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, समोरच्या फळीवर ‘९१’ असं लिहिलं आणि त्याखाली जाड रेघ ओढली. प्रकरण मिटलं, असा त्या रेघेचा अर्थ होता.

“होणार नाही,” ते म्हणाले.

बियाणेवाल्या वहिनी भुशाने भरलेल्या बाकावर पदर सावरून बसल्या होत्या. उठायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता.

“का नाही होणार? नव्वद खणांचं कपाट करणारच होतात ना? मग एक खण जास्त. त्याचं लाकूड काय ते लावा.”

“लाकडाचा प्रश्न नाही, वहिनी. भाग जात नाही.”

मेस्त्रींना सगळे मागून ‘निःशेष मेस्त्री’ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांच्या कपाटात सगळे खण एका मापाचे असत आणि प्रत्येक ओळ पूर्ण भरलेली. समोरून नुसती मूठ लावलेला, ओढला तर न हलणारा खोटा खण त्यांनी आयुष्यात केला नव्हता. कुणाचा खण बोटभर उघडा राहिलेला दिसला, तर परक्याच्या घरातही उठून तो आत ढकलल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

“हे बघा,” म्हणून त्यांनी फळीच्या दुसऱ्या टोकाला ‘९०’ लिहिलं. “नव्वद म्हणजे नऊ दाहे. नवाचे पाडा तीन आणि तीन. दहाचे पाडा दोन आणि पाच. आता याच्यापुढे फुटत नाही. दोन, तीन, तीन, पाच. हे नव्वदाचे मूळ अवयव. यांची पाहिजे तशी मोट बांधा. दोन त्रिक सहा इकडे, तीन पाचे पंधरा तिकडे. सहा ओळी, एकेका ओळीत पंधरा खण. तुमची भिंत किती? पंधरा विती. खण केवढा? वीतभर. टाचणी ठेवायला जागा उरणार नाही.”

हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला की वहिनींना हसू आवरेना.

“आणि एक्क्याण्णव?”

मेस्त्रींचा चेहरा पडला. “एक्क्याण्णवाचं काही खरं नाही. दोनाने जात नाही, विषम आहे. तीनाने? नऊ आणि एक दहा, म्हणजे नाहीच. शेवटी पाच नाही, शून्य नाही, तेव्हा पाचही गेला.” मग त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात पाढे सुरू केले. “सात दाहे सत्तर, तिथेच संपला. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, अकरा नवे नव्व्याण्णव. बारा साते चौऱ्याऐंशी, बारा आठे शहाण्णव. चौदा सक चौऱ्याऐंशी, चौदा साते अठ्ठ्याण्णव. कुठे भेटलं एक्क्याण्णव? नाही. मूळ संख्या आहे ती. तिला भागणारे दोघेच, एक आणि ती स्वतः.”

“म्हणजे माझ्यासारखीच. घरात एकटी.”

“करायचंच तर एका ओळीत एक्क्याण्णव खण करावे लागतील. कपाट तुमच्या दुकानातून निघून चौकापर्यंत जाईल.”

“मग ब्याण्णव करा.”

“एक रिकामा राहील.”

“नको. रिकामा खण दिसला की गिऱ्हाईक विचारतं, यातलं काय संपलं म्हणून.” त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “नव्वदच करायचे तर एक बी बाहेर राहणार. ते कुठलं, हे मला ठाऊक आहे. आणि ते मी बाहेर ठेवणार नाही.”

ते बी कुठलं, हे मेस्त्रींनी विचारलं नाही. रविवारी दुकानात येऊन शेवटचं माप घेतो, तोवर ठरवा, एवढंच म्हणाले.

रविवारी मेस्त्री पोचले तेव्हा दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत वहिनींनी पोती एका बाजूला सारून मधली जमीन मोकळी केली होती आणि त्या जमिनीवर बियांच्या पुड्या मांडल्या होत्या. प्रत्येक फरशीवर एक. भेंडी, वाल, मुळा, झेंडू, सूर्यफूल, तीन तऱ्हेच्या मिरच्या. प्रत्येक पुडीवर वळणदार अक्षरात नाव. ते अक्षर मेस्त्रींच्या ओळखीचं होतं. वहिनींचे यजमान त्यांचे दोस्त होते. पत्ते खेळताना सरळ सरळ फसवायचे, आणि पकडले गेले की स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचे.

“तुम्हीच उचला,” वहिनी म्हणाल्या. “जे नको असेल ते. मला काही होत नाही.”

मेस्त्रींनी चपला काढल्या आणि फरशांच्या कडेकडेने, पुडीवर पाय पडणार नाही अशा बेताने निघाले. मुळ्यापाशी थांबले. मुळा कसा काढणार? झेंडूपाशी थांबले. असं करत करत शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या पुडीपर्यंत आले. ती इतरांपेक्षा लहान होती, आणि हाताळून हाताळून मऊ पडलेली. तिच्यावर बियांचं नाव नव्हतं. त्याच वळणदार अक्षरात फक्त लिहिलं होतं, ‘लावून बघ’.

“हे कशाचं बी?”

“काय माहीत. कुठूनतरी घेऊन आले, ही चिठ्ठी लिहिली आणि गल्ल्यापाशी ठेवून दिलं. आठवड्याने गेले. विचारायचं राहूनच गेलं.” वहिनी गल्ल्यावरची धूळ पुसत होत्या. तिथे धूळ नव्हती. “नऊ वर्षं झाली. अकराच दाणे आहेत.”

“मग लावलं का नाही?”

“लावलं आणि उगवलंच नाही, तर? मग पुडीही गेली आणि तेही. नुसतं ठेवलंय तोवर काहीतरी आहे.”

मेस्त्रींनी पुडी उचलली होती ती हळूच परत ठेवली, होती तशी, फरशीच्या बरोबर मध्ये. ताठ होताना त्यांचं लक्ष सबंध जमिनीवर गेलं, आणि ते तसेच उभे राहिले.

शेवटची पुडी शेवटच्या फरशीवर होती. शेवटची ओळ भरलेली होती. वर कुठे भोक नव्हतं, खाली काही सुटलेलं नव्हतं. त्यांनी आडव्या फरशा मोजल्या, सात. उभ्या मोजल्या. एकदा मोजल्या, मग बोटाने दाखवत पुन्हा मोजल्या. तेरा.

कानाची पाळी गरम झालेली त्यांना जाणवली. लहानपणी त्यांना गालगुंड झालं होतं आणि आठवडाभर शाळा बुडाली. आजारी पडले तेव्हा वर्ग बाराच्या पाढ्यावर होता, परतले तेव्हा चौदाच्या. त्यांनी चौदाचा खणखणीत म्हणून दाखवला, शाबासकी घेतली, आणि तेराचा त्यांना पुढे कधी कुणी विचारलाच नाही. मग सुतारकामातही त्यांनी तेराला वळसा घातला. खुंट्या बारा नाहीतर चौदा, गज बारा नाहीतर चौदा. साठ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अडायचं होतं ते नेमकं इथे अडलं.

“या ओळी किती झाल्या, वहिनी?” त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

“कोण जाणे. मी काही मोजल्या नाहीत बाई. फरशीवर एकेक ठेवत गेले, संपल्या तिथे संपल्या.” वहिनींनी पुन्हा गल्ला पुसायला घेतला. त्यांनी ओळी शनिवारीच तीनदा मोजल्या होत्या, पण ते मेस्त्रींना सांगायची काय गरज होती?

मेस्त्री खाकरले. “मी काय म्हणतो, आकडा पुन्हा एकदा तपासून बघतो. घाईत कधीकधी होतं.”

“बघा ना. घाई कुठे आहे?”

घरी मेस्त्रींची बायको अंगणात बसून खणांच्या लाकडी मुठींवर पॉलिश पेपर फिरवत होती. मेस्त्री शेजारी येऊन बसले, एक मूठ उचलली, खाली ठेवली, दुसरी उचलली.

“अगं, तुला तेराचा पाढा येतो?”

तिचा हात थांबला. “येतो की. का हो?”

“सहज.”

“तुम्हाला येत नाही?”

मेस्त्री मुठीवरचा नसलेला खडबडीतपणा चाचपत राहिले. बायकोने आधी ओठ दाबून धरले, पण ते काही जमेना. ती इतकी हसली की मांडीवरच्या मुठी घरंगळत अंगणभर गेल्या. निःशेष मेस्त्रींच्या घरात चाळीस वर्षं काढली, आणि बाकी ही अशी उरली होती. मग डोळे पुसून तिने विचारलं, “कुठपर्यंत पाहिजे?”

“सातापर्यंत पुरे.”

“छे. म्हणायचा तर पुरता म्हणायचा. म्हणा, तेरा एके तेरा.”

“तेरा एके तेरा,” मेस्त्री म्हणाले, आणि मुठी गोळा करायला उठले.

तीन आठवडे रंधा त्या पाढ्यावर चालला. तेर दुणे सव्वीसला फळी उलटायची, तेर चोक बावन्नला फुंकर मारायची. तेर साते एक्क्याण्णव आलं की मेस्त्री दर वेळी थोडे थांबत आणि एकटेच मान हलवत. किती सोपं होतं. आत सात आणि तेरा, दोघेही न फुटणारे, आणि बाहेरून एक्क्याण्णव अशी घुमी की कुणाला पत्ता लागू नये. एवढी वर्षं तिची ओळखच झाली नव्हती, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

कपाट बसवलं त्या दिवशी वहिनींनी दुकान बंद ठेवलं. सात ओळी, ओळीत तेरा खण. भिंत पंधरा वितींची, त्यामुळे खिडकीच्या बाजूला दोन विती जागा रिकामी राहिली, आणि ती मेस्त्रींच्या डोळ्यांत सलत होती.

“तेवढी राहिली,” ते नाराजीने म्हणाले. “पट्टी मारून बुजवू का?”

“राहू दे. मला लागेल.”

वहिनींनी दोन दिवस घेऊन खण भरले आणि मेस्त्रींना निरोप धाडला. ते आले, सवयीप्रमाणे वरच्या ओळीपासून एकेक खण ओढून बघू लागले. एकही अडकला नाही. मुळा आपल्या जागी, झेंडू आपल्या जागी, तिन्ही मिरच्या शेजारी शेजारी. खाली बसून त्यांनी शेवटच्या ओळीतला शेवटचा खण ओढला. त्यावर ‘लावून बघ’ अशी जुन्या पुडीवरचीच चिठ्ठी कापून चिकटवली होती. आत काहीच नव्हतं.

“वहिनी, हा रिकामा आहे.”

“नाही. बाहेर गेलंय.”

त्यांनी मानेने खिडकीकडे खूण केली. त्या सुटलेल्या दोन विती जागेत एक स्टूल होतं आणि स्टुलावर मातीची कुंडी. माती ओली होती, नुकतंच पाणी घातलेलं.

मेस्त्रींनी तोंड उघडलं. बी बाहेरच जाणार होतं तर नव्वद पुरले असते, सहा ओळी, पंधरा खण, टाचणीला जागा उरली नसती. ते सगळं त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

“किती लावलेत?” त्यांनी विचारलं.

“अकराच्या अकरा.”

“निम्मे तरी ठेवायचे होते.”

“अकराचे निम्मे कसे करणार, मेस्त्री? तुम्हीच सांगा.”

मेस्त्रींनाच हसू फुटलं. वहिनीही हसल्या.

“आणि नाही उगवलं तर?” हे मात्र त्यांनी हळू विचारलं.

“तर नाही उगवलं.” वहिनी कुंडीपाशी गेल्या, बोटाने मातीचा एक खडा फोडला. चेहरा हसराच होता. “इतके दिवस त्याला पाठवायचा धीर होत नव्हता. झाड होऊन नवं बी परत आलं तर ठेवायचं कुठे, तेच नव्हतं. आता जागा आहे.”

मेस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. उठता उठता त्यांनी तो शेवटचा खण आत ढकलला, पण पुरता नाही. बोटभर उघडा ठेवला.