लिफ्टमनचा मेंदू

संशोधन संस्थेच्या लिफ्टमनने मेंदू संस्थेलाच देऊन टाकला होता. तो गेल्यावर मेंदूचे तीन भाग झाले. एक पहिल्या मजल्यावरच्या चिरफाडवाल्यांनी ठेवला, दुसरा दुसऱ्यावरच्या रसायनवाल्यांनी नेला. मेलेल्या मेंदूत वीज नसते, हे ठाऊक असूनही तिसऱ्यावरच्या वीजवाल्यांनी उरलेला हट्टाने मागून घेतला. शेजाऱ्याला मिळालं आणि आपल्याला नाही, हे शास्त्राला सोसत नाही. या तिघांचं आपसात बोलणं नव्हतं. निरोप असलाच तर लिफ्टमन न्यायचा.

महिन्याभराने त्याची बायको आली.

"शेवटच्या वर्षी मला ओळखायचे नाहीत, डॉक्टर. 'कोण बाई तुम्ही?' म्हणायचे. पण लिफ्ट बरोबर मजल्याला लावायचे, बोटभर फरक नाही. तीस वर्षांची बायको विसरले आणि हा खटारा लक्षात राहिला, तो कसा?"

"विसरणं म्हणजे रसायन, मावशी. दुसरा मजला," पहिला म्हणाला.

दुसऱ्याने तिसऱ्याकडे धाडलं. तिसरा म्हणाला, "खाली विचारा."

अशा दोन फेऱ्या झाल्यावर बाईने तिघांनाही लिफ्टमध्ये कोंबलं. "आता एकमेकांच्या तोंडावर सांगा!"

लिफ्ट चालवायच्या दांड्याला कुणी हात लावायच्या आत लिफ्ट निघाली आणि दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. हाका मारून झाल्या. मग नाइलाजाने शास्त्र सुरू झालं.

"तुमचा तुकडा झिजलाय का हो?" दुसऱ्याने पहिल्याला विचारलं.

"पार. ओळखीपाळखीची बाजू ती."

"माझ्याकडे सवयीची आहे. अगदी शाबूत."

"मग बोलला नाहीत ते!"

"विचारलं कुणी?"

पुढे तिघांचा मिळून एक नवा विभाग झाला; त्याच्या इतिहासात या प्रसंगाला 'दूरदृष्टी' म्हटलं आहे.

"म्हणजे मी गेले, दांडा राहिला," बाई म्हणाली.

तेवढ्यात लिफ्ट हलली, सावकाश उतरत तळमजल्याला लागली. बोटभर फरक नाही. जाळीचं दार आपोआप सरकलं.

"किती वाजले?" बाईने विचारलं.

"एक."

"या वेळी तळमजल्यावर कुणाचं काम असतं?"

"कुणाचंच नाही. तेव्हा सगळे वर जेवत असतात."

"एकला मी डबा घेऊन इथे उभी असायची. शेवटच्या वर्षीही रोज खाली यायचे. दार उघडून मलाच विचारायचे, कोण बाई तुम्ही?" ती थांबली. "ओळखत नव्हते, तर यायचे कुणासाठी?"

हा प्रश्न कुठल्या मजल्याचा, हे कुणालाच सांगता येईना. तिघे घाईने बाहेर पडले.

बाई आतच राहिली. तिने पदर नीट केला. दार लागलं, लिफ्ट वर निघाली. दांड्यावर तिचा हात नव्हता.