केसरचं तिसरं स्थळ

करमअलीचाचांनी तीस वर्षं मोरा बंदरावरून मचवे भरभरून मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवलं. मग मुंबईत मोटारी वाढल्या, आणि मोटार गवत खात नाही हा शोध चाचांना बाकीच्या व्यापाऱ्यांपेक्षा जरा उशिरा लागला. व्हिक्टोरियावाले म्हणू लागले, "गवत राहू द्या चाचा, घोडाच घेऊन जा." चाचांना नाही म्हणवेना. ज्यांच्या पोटावर आपलं पोट भरलं, त्यांना खाटकाकडे कसं जाऊ द्यायचं? तेव्हा गवत घेऊन जाणारे मचवे घोडे घेऊन परत येऊ लागले, आणि उरणातल्या चाचांच्या वाडीत नको झालेल्या घोड्यांची उपवर मुलींसारखी रांग लागली.

स्थळं चाचा स्वतः पाहत. विहीर मे महिन्यात मचूळ होते का, घरात पहाटे आधी कोण उठतं, मालक जेवायच्या आधी चिडतो की नंतर, सगळं विचारून घेत. आणि खोड लपवत नसत. "खोड लपवून दिलेली लेक आणि घोडी, दोघी आठ दिवसांत परत येतात," असं ते म्हणत.

केसर मात्र खोड सांगून दिली तरी परत आली. तांबूस रंग, दात शाबूत, लाथ माहीत नाही. फक्त रस्त्यात समोरून माणूस आलं की ती थांबायची, आणि थांबली की हलायची नाही. पहिल्यांदा तिला वरातीसाठी घोडी ठेवणाऱ्या कान्हाने नेली. नवरदेवाला घेऊन ती प्रत्येक पाहुण्यापाशी थांबत गेली. मुहूर्त टळला आणि शेवटी नवरदेव पायी मांडवात शिरला. मग दयाराम मास्तरांनी नेली. मास्तर शाळेत दुपारच्या सुट्टीला पोचू लागले. पोरं खूश होती, पण पोरांच्या मतावर शाळा चालत नाही.

"नसीबाचे अब्बा," जैबुन्निसाचाची म्हणाल्या, "चुन्याच्या घाणीवाला पुन्हा विचारून गेला. डोळ्यांना झापडं लावून दिवसभर गोल फिरवायची. समोरून कोण येणारच नाही. खोड आपोआप जाईल."

"खोडीबरोबर घोडीपण जाईल."

"मग ठेवा छातीशी! तबेल्याचं छप्पर तीन जनावरांपुरतं, ही चौथी. पाऊस आठ दिवसांवर आलाय."

चाचांनी छत्री घेतली आणि केसरला रस्त्यावर आणून तपास सुरू केला. कोळीण आली, केसर थांबली. चाचा नुसतं हसले, घोडी ढिम्म. सलाम केला, ढिम्म. "मावशी, बाजार कसा?" विचारलं आणि मावशीने बाजार, गुडघे आणि सून या क्रमाने उत्तर दिलं, तेव्हा कुठे केसरने पाऊल उचललं. दहा माणसांवर प्रयोग झाले. नियम पक्का होता: समोरच्याशी दोन्ही बाजूंनी बोलणं झाल्याशिवाय वाट पुढे सरकत नाही. ही मुंबईत कुणाकडे होती कोण जाणे. निवडणुकीला उभा राहिलेला कुणी असावा, असं चाचांना आधी वाटलं. पण मग निवडणूक संपल्यावर खोड जायला हवी होती.

सहाव्या दिवशी मिठागरवाल्या चांगदेवाच्या घरून निरोप आला. पावसाआधी मिठाची पोती कोठारात न्यायला जनावर हवं होतं. चाचा केसरला घेऊन गेले. विहीर गोड्या पाण्याची, गोठा कोरडा, चारा भरपूर. चांगदेवाने घोडीच्या मानेवरून ज्या तऱ्हेने हात फिरवला, ते पाहून चाचांना भरून आलं. त्यांनी खोड सविस्तर सांगितली आणि विचारलं, "चांगदेवभाऊ, कबूल?"

चांगदेव गप्प.

निकाहात नवरी गप्प राहिली की कबुली धरतात. चाचांनी दोर त्याच्या हातात दिला आणि निघाले. गावाच्या पाणवठ्याशी पोचल्यावर त्यांना आठवलं की चांगदेव गेली सात वर्षं सगळ्यालाच गप्प आहे. शेजारच्या दिनानाथने भरतीच्या वेळी बांधातलं पाण्याचं दार, म्हणजे उघाडी, उघडली, खारं पाणी आत घुसून वर्षाचं मीठ विरघळलं. त्या दिवसापासून हा गावात कुणाशी बोलत नव्हता. आणि आपण याला बोलल्याशिवाय न हलणारी घोडी देऊन आलो!

चाचा धावत परतले.

अरुंद बांधावर केसर पोती घेऊन उभी होती. मागे चांगदेव. समोर, डोक्यावर टोपली घेऊन, दिनानाथ. दोघांमध्ये घोडी, दोन्ही बाजूंना मिठागराचं पाणी, वर काळं आभाळ. कुणी मागे सरत नव्हतं.

"चाचा, तुमची घोडी हाय," दिनानाथ ओरडला. "तुम्ही बोला तिच्याशी!"

चाचा दिनानाथशी दोन शब्द बोलले असते तर केसर हलली असती. आज हलली असती. उद्या काय? उद्या चांगदेवाने दोर आणून दिला की घाणी होतीच. चाचांनी तोंडावर पंचा धरला.

पहिला थेंब पोत्यावर पडला.

"उघाडी तूच उघडलीस," चांगदेव म्हणाला. आवाज न वापरलेल्या बिजागरीसारखा करकरला.

"मी न्हाय! खेकड्यांनी बांध पोखरला व्हता!"

"खेकडं दार उघडतात व्हय रं? तुझ्या सोयऱ्यातलं व्हतं का खेकडं?"

"माझ्या सोयऱ्यांचं नाव काढू नको. तुझा मामा काय दिवे लावून गेला ते सारं गाव जाणतं!"

केसरने कान टवकारले, आणि पाऊल उचललं. दिनानाथ तिला वाट द्यायला पाण्यात उतरला, पण बोलायचा थांबला नाही. चाचा चकित झाले. तिला गोड बोलणं लागत नव्हतंच! मामा झाले, आजा झाला, एका जुन्या हळदीतलं जेवण निघालं, तोवर घोडी एकटीच चालत कोठाराच्या दारात जाऊन उभी राहिली. पोती वरच्या बाजूने जराशी ओली झाली होती, इतकंच.

भांडण घसा बसल्यामुळे थांबलं. चाचा भीत भीत पुढे झाले.

"भाऊ, खोड मोठी आहे. परत नेऊ का तिला?"

चांगदेवाने दोर घट्ट धरला.

"न्हाय न्हाय चाचा. त्याच्या बापाचं तर मी अजून काढलंच न्हाय," तो बसक्या आवाजात म्हणाला. "उद्या सकाळी याच बांधावरनं जानार हाय तो."