गारव्याला तार लागत नाही

वीज कंपनीचे साहेब आमच्या दारात नखशिखान्त भिजले, आणि त्यांच्या हातात पाना मीच दिला होता. मुद्दाम! पण आधी वहिनीचं सांगतो, कारण खरी कमाल तिची.

आमची पिठाची गिरणी कालव्याला लागून. तळघरात छोटं टर्बाइन. गिरणी चालवून वर ढीगभर वीज उरायची. समोर, रस्त्यापलीकडे डेअरी. दूध गार ठेवता ठेवता डेअरीवाल्या काकांचं विजेच्या बिलाने कंबरडं मोडलेलं. तुम्ही म्हणाल, द्या की उरलेली वीज त्यांना! नाही देता येत. रस्ता ओलांडणारी तार फक्त कंपनीची. आमच्याकडून घेणारी तीच, काकांना विकणारीही तीच. आमची वीज तारेवर चढायची कवडीमोलाने आणि पलीकडे उतरायची सोन्याच्या भावाने. टर्बाइनचं बेअरिंग बदलायचीही ऐपत उरेना, तेव्हा दादा म्हणाला, "भंगारात घालतो हे धूड. बस झालं."

"मी गुपचूप वायर टाकतो पलीकडे," मी म्हणालो. "कुण्णाला कळणार नाही."

"भाऊजी, तुम्हाला कळलं म्हणजे गावाला कळलं," वहिनी म्हणाली आणि चप्पल घालून तडक डेअरीत गेली.

परत आली ती हसतच. "अहो, काकांना वीज नकोच आहे. त्यांना गारवा हवाय!"

मला ओ की ठो कळलं नाही. तिने कुठूनसं पाणी गार करायचं जुनं यंत्र पैदा केलं, तळघरात उरलेल्या विजेवर जोडलं. नगरपालिकेची रीतसर परवानगी काढली आणि रस्त्याखालच्या मोरीतून दोन नळ्या नेल्या, काळा जाड फोम गुंडाळून. एका नळीने बर्फासारखं पाणी जायचं, दुधाच्या टाकीभोवती फिरायचं, दुसरीने परत यायचं. काकांना स्वस्त, आम्हाला बरा भाव. दादा मात्र बेअरिंग बदलायला राजी होईना. "कंपनी गप्प बसेल होय? ती आली की बघू."

आलीच. काकांचं बिल धाडकन उतरलेलं बघून साहेब सीलची पिशवी घेऊन हजर. भिंतीवरची काळी जाड नळी दिसताच त्यांचा चेहरा खुलला.

"ही काय केबल! चोरून वीज विकता? टर्बाइनला सील लागणार."

"साहेब, पाण्याची नळी आहे ती," वहिनी म्हणाली.

"आणि केबल आत लपवलीय! मला शिकवता?"

दादाचा चेहरा पडला. मी अगदी अदबीने पाना पुढे केला. "खात्री करून घ्या ना साहेब. हा जोड उघडून बघा."

"भाऊजी, पंप चालू—"

तोवर साहेबांनी जोड उघडला होता. काय फवारा! साहेबांच्या तोंडून निघालेला आवाज पलीकडे काकांना ऐकू गेला.

वहिनीने पळत जाऊन पंप बंद केला, साहेबांना टॉवेल दिला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दादाच्या पाठीमागे सरकलो. साहेबांनी दात वाजवत ऑफिसला फोन लावला.

"तार आहे का?" पलीकडून आवाज आला.

"नाही, सर."

"मग रस्त्यापलीकडे जातं काय?"

"गार पाणी, सर. फारच गार."

"पाणी आपल्या खात्यात येत नाही. निघा तिथून."

साहेबांनी सील पिशवीत परत टाकलं, पण निघाले नाहीत. वहिनीबरोबर तळघरात उतरले, यंत्राभोवती दोनदा फिरले. "बाई," ते म्हणाले, "आम्ही सगळ्या तारा धरून बसलोय, आणि तुम्ही तारेचं नावच काढलं नाहीत. मानलं तुम्हाला!"

"पाणी वाटेत तापत कसं नाही, ते विचारा की," वहिनी म्हणाली, आणि फोमचे थर उलगडून दाखवायला लागली.

दादा दारातच उभा होता. शेवटी बाह्या वर करून तो टर्बाइनपाशी बसला, बेअरिंग हाताने चाचपलं. मग हळूच, आपल्याला काही पडलेलं नाही अशा आवाजात म्हणाला,

"अगं, कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत नळी पोचेल का?"