माझ्या वाटणीची एकशे वीस पानं

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग. वर तोंडाची इतकी मोठी की कुणी न मागता दुसऱ्याचं ओझं अंगावर घेते. आई म्हणते, "सारिकाला हौस भारी." हौस कसली, मस्ती आहे ती. आणि त्या मस्तीपायी मी काय करून बसले ते सांगते.

मी धुळ्याला समाजशास्त्रात एम.ए. करते. आमचं गाव अठरा किलोमीटरवर. सकाळी सातच्या एसटीने जायचं, तीनच्या एसटीने यायचं, आणि घरात पाऊल ठेवल्याबरोबर आई हातात काहीतरी देणार. चप्पलसुद्धा काढू देत नाही. श्रावण लागला तसं सुनंदा मॅडमनी एक पुस्तक नेमलं. खानदेशातल्या आठवडे बाजारांवरचं, दोनशे चाळीस पानांचं. "येत्या मंगळवारी चाचणी, वीस मार्कांची. पुस्तक मुळातून वाचा, गाईड चालणार नाही," म्हणाल्या. ग्रंथालयात प्रत एक आणि वर्गात आम्ही सतरा जण. घ्या आता!

आमचा चौघांचा गट. मी, नाजमीन, जितेंद्र आणि हिलाल. जितेंद्रनेच तोड काढली. पुस्तकाची झेरॉक्स काढायची, चार वाटण्या करायच्या, साठ पानं एकेकाला. प्रत्येकाने आपली पानं वाचून रविवारी दुपारपर्यंत ग्रुपवर बोलून टाकायची. बाकीच्यांनी ऐकायचं आणि वहीत उतरवायचं. मॅडमना कळलं असतं तर सोलून काढलं असतं आम्हाला, पण सगळ्या वर्गात हेच चालतं.

नाजमीनचं प्रकरण मात्र वेगळं होतं. तिच्या अम्मीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. जळगावच्या दवाखान्यात अम्मीपाशी तीच असायची, म्हणून पहिली चाचणी तिची बुडाली. आमच्याकडे नियम असा, की दोनपैकी एका तरी चाचणीत पास व्हायचं, विसांपैकी आठ तरी पाडायचे. नाहीतर परीक्षेचा फॉर्मच घेत नाहीत. म्हणजे ही चाचणी गेली की नाजमीनचं वर्ष गेलं. पोरगी आमच्यात सगळ्यांत हुशार, तिला प्राध्यापक व्हायचंय. वाटण्या झाल्या त्या दिवशी ती जळगावहून फक्त तेवढ्यासाठी आली होती, झेरॉक्सचे पैसे द्यायला आणि आपला गठ्ठा न्यायला.

मी तिच्या हातातला गठ्ठा काढूनच घेतला. "तुझी साठ पानं माझ्याकडे. तू अम्मीकडे बघ."

ती काहीतरी म्हणणार होती. मी तिला बोलूच दिलं नाही. "गप गं! मग मैत्रिणी काय लोणचं घालायला असतात का?"

जितेंद्र म्हणाला, "वा सारिकाताई!" आणि मी अशी फुगले की काही विचारू नका. एकशे वीस पानं पिशवीत घालून एसटीत बसले तेव्हा मला वाटत होतं, आपल्यासारखी मैत्रीण शोधून सापडायची नाही.

घरी आले तर ओट्यावर चुन्याच्या बादल्या. यंदा कानबाई, आमची खानदेशातली देवी, आमच्या घरी बसणार, असं भाऊबंदांनी ठरवलेलं. श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते, पण तिच्यासाठी घर आठवडाभर आधीपासून उलटंपालटं होतं. भिंती सारवा, चुना मारा, भांडी घासा, गहू निवडा. माणशी सव्वा मूठ गहू मोजून नैवेद्याच्या रोटांचं पीठ करायचं, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही त्यातला तुकडा मिळत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. एकशे वीस पानं घेताना ते डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

बुधवारी मी सहा पानं वाचली, तीही शिडीवर बसून, एका हातात कुंचला धरून. गुरुवारी एकही नाही. शुक्रवारी पानं घेऊन माजघरात बसले, तर मोठी काकू, झुंबरबाई, दारातच उभी राहिली. "बठ्ठं काम पडेल शे, आन् हाई पोरगी पुस्तक लिसन बठनी!" सगळं काम पडलंय आणि मी पुस्तक घेऊन बसले, म्हणे.

"काकू, मंगळवारी चाचणी आहे माझी."

"कानबाई काय रोज येस का? पुढला सालले तू कोठे आन् रोट कोठे!" असं म्हणून हसली, गालाला हात लावला, आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. सुपाखाली पुस्तक. ती रागावली असती तर भांडले तरी असते. पण घरात सगळे कौतुकानेच कोंडत होते. आबा येता-जाता म्हणायचे, "आमची सारिका शिकतेय पण हाताला मागे नाही." झालं, असं म्हटल्यावर मी हात आखडता कसा घेणार? शनिवारी घरात तेहतीस माणसं होती. बसायला कोपरा नाही, न्हाणीघराच्या दारातही रांग. पानं घेऊन मी गोठ्यात गेले, तर तिथे चुलतभाऊ भाजीसाठी गंगाफळं, लाल भोपळे, चिरत बसलेले. इतकी माणसं, आणि माझा जीव कोंडल्यासारखा झाला. रडूच आलं. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, सणासुदीला काय रडतेस?

रविवारी दुपारी पुरणाचा हात धुऊन फोन पाहिला. जितेंद्रचं आलेलं, हिलालचं आलेलं. नाजमीनने लिहिलेलं, "सारिका, घाई नाही गं. तुझं झालं की टाक."

खरं सांगायला हवं होतं. "माझं झालं नाही." तीनच शब्द! पण ते शब्द तोंडातून निघेनात. मी कोठीत गेले, पाठीने दार लावून घेतलं, आणि पानं चाळली. पहिल्या साठ पानांचं पटपट जमलं, कारण त्यात तक्ते होते, तक्त्यांखाली निष्कर्ष होते. नाजमीनच्या वाटणीच्या पानांत "बाजारातल्या बायका" असं प्रकरण होतं. सुरुवातीलाच लिहिलेलं, की नोंदींनुसार तीस वर्षांत बाजारात विकायला बसणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या. पुढची बावीस पानं त्याच्या कारणांची. बाहेरून आई हाका मारत होती. मी पुढे वाचलंच नाही. फोन तोंडाशी धरला आणि सुरू झाले. बायका घरात अडकल्या. सणवार, पाहुणे, स्वयंपाक. कुणी त्यांना अडवलं नाही, पण कुणी सोडलंही नाही. म्हणून त्या बाजारातून नाहीशा झाल्या, असं लेखक म्हणतो. इतकं झकास बोलले की माझं मलाच खरं वाटलं.

नाजमीनचं लगेच उत्तर आलं. "काय सुरेख सांगितलंस! तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं."

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर गेली. दुपारी घर ओस पडलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा मला कुणी हाक मारली नाही. मी ती बावीस पानं काढली. वाचत गेले आणि मधेच पुन्हा पहिल्या पानावर आले. लेखक म्हणत होता, बायका नाहीशा झाल्याच नाहीत. त्या पुढेपुढे भल्या सकाळी येऊ लागल्या, बाजार भरायच्या आत माल विकून निघून जात, आणि मोजणारा माणूस दहा वाजता यायचा. बायका होत्या तितक्याच होत्या, मोजणाऱ्यालाच दिसल्या नाहीत. मी सांगितलेल्याच्या बरोब्बर उलट.

फोन हातातच होता. "मी चुकीचं सांगितलं" असं लिहिलं, पुसलं. "थोडा बदल आहे" असं लिहिलं, तेही पुसलं. बदल कसला, सगळंच खोटं होतं! पण वर नाजमीनचं ते "काय सुरेख" दिसत होतं. दोनशे चाळीस पानांतून हाच प्रश्न कशाला येईल, असं म्हणत मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेले. त्या दिवशी कुणी सांगितलेलं नसताना गेले.

मंगळवारी पहिलाच प्रश्न, दहा मार्कांचा, सक्तीचा. बाजारातील स्त्री-विक्रेत्यांची संख्या कमी दिसण्याचं लेखकाने दिलेलं कारण स्पष्ट करा.

मी मान वर केली. पुढच्या बाकावर नाजमीन भराभरा लिहीत होती, खुशीत. आणि मी काय केलं? मी खरं उत्तर लिहिलं. दोन पानं भरून लिहिलं.

शुक्रवारी मार्क लागले. मला सतरा. जितेंद्रला नऊ, हिलालला आठ. नाजमीनला सहा. मॅडम वर्गात म्हणाल्या, "तिघांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलंय. तुमच्या चौघांत पुस्तक उघडून पाहिलं ते फक्त सारिकाने." शनिवारी धीर करून स्टाफरूममध्ये गेले आणि सगळं ओकले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मार्क काल संध्याकाळी विद्यापीठाकडे ऑनलाइन भरले. आता माझ्या हातात काही नाही. काल सकाळी आली असतीस तर फेरचाचणी घेतली असती मी. आता तिला तूच सांग."

नाजमीन ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसली होती. मला बघून सरकली, जागा केली. "आम्हा तिघांच्याच ऐकण्यात घोळ झाला असणार गं," म्हणाली. "तू तर नीट सांगितलं होतंस."

मी सांगितलं. शिडी, सूप, कोठी, सोमवारची दुपार, पुसलेला मेसेज, माझे सतरा मार्क, सगळं. रडत रडत म्हणाले, "मला एक मिनिट वेळ नव्हता गं, नाजमीन. घरात मला कुणी एक मिनिट बसू दिलं नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अम्मी दिवसभर गोळ्यांच्या गुंगीत झोपलेली असायची," ती म्हणाली. "तो सगळा आठवडा मी तिच्या खाटेशी स्टुलावर बसून होते, सारिका. वाचायला हातात काही नव्हतं, म्हणून औषधांच्या खोक्यांतले कागद वाचत होते."