एक खराखुरा ओरडा

मुळात मला रागीट म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. मी शाळेत खेळाची बाई होते. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पोरांना वळण लावायचं, तिथे गोड बोलून काय होणार? आवाज चढायचाच. निवृत्त झाले तरी तो खाली यायला तयार नाही, त्याला मी काय करू?

तर अशा माझ्या घरात, वरच्या खोलीत, एक पोरगा भाड्याने राहायला आला. सामान म्हणजे एक गादी, दोन पिशव्या कपडे आणि वायरींचं हे एवढं भेंडोळं.

"काय करतोस?" मी विचारलं.

"काकू, मी रॅपर आहे. प्रोड्यूसरपण."

"कुठल्या कंपनीत?"

"कुठल्याच नाही. स्वतःच लिहितो, स्वतःच बीट बनवतो, स्वतःच रेकॉर्ड करतो आणि स्वतःच नेटवर टाकतो."

"आणि ऐकतो कोण? तेही स्वतःच?"

"सध्या तरी जवळजवळ तसंच आहे," म्हणाला आणि हसला. तो प्रामाणिकपणा आवडला म्हणून खोली दिली. नाहीतर देते होय!

दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर धडधड सुरू. स्वयंपाकघरातल्या बरण्या फळीवर सरकायला लागल्या. मी त्याचं नाव धडधड्या ठेवलं. वर जाऊन बघते तर ह्या पठ्ठ्याने माझं सागवानी कपाट रिकामं करून आत रजया टांगल्या होत्या, मधोमध माइक लोंबत होता आणि हा आत शिरून, दार लावून बोलत होता.

"कपाटाला काय गोष्टी सांगतोस?"

"आत आवाज घुमत नाही, काकू. खरा स्टुडिओ परवडेपर्यंत हाच माझा स्टुडिओ."

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. भिंग डोळ्याला लावून दिवसभर खिडकीशी बसलेले असतात. आयुष्यात कधी त्यांनी आवाज चढवला नाही. घरात त्याची गरजच पडली नाही, असं तेच सांगतात. पण हळूहळू तेही वर जाऊन बसायला लागले. विचारलं तर म्हणाले, "ठोका बरोबर पडतोय का, तेवढं बघून येतो." चहा गार होईपर्यंत काही खाली यायचे नाहीत. चांगला नाद लावला होता माझ्या साध्या माणसाला!

एकदा दुपारी नुकता डोळा लागत होता आणि वर धाड धाड सुरू झालं. मी जिना चढून गेले, कपाटाचं दार खाडकन उघडलं आणि म्हटलं, "अरे ए धडधड्या! बंद कर ते! डोकं आहे का खोकं?"

हा बाहेर आला तो डोळे चमकवत. "काकू, काय तालात ओरडलात हो!"

"तुझा ताल घाल चुलीत," म्हटलं आणि खाली येऊन आडवी झाले. विषय संपला असं मला वाटलं.

पण थोड्याच दिवसांनी आमचे हे एक घड्याळ उघडता उघडता गुणगुणायला लागले, "बंद कर ते, बंद कर ते, डोकं आहे का खोकं." मी कान टवकारले. "हे काय?" तर भिंग न काढताच म्हणाले, "तुझंच गाणं." माझा ओरडा माइकमध्ये सापडला होता, आणि धडधड्याने तो गाण्यात बसवला होता. दर कडव्यानंतर मी!

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वर गेले. "मला न विचारता माझा आवाज घेतलास?"

"विचारणारच होतो काकू. हिंमत होत नव्हती."

"पुसून टाक. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे, आणि पुसला.

"दुसरीकडे कुठे लपवून ठेवला असशील!"

"नाही काकू. तुमचा आवाज तुमचाच आहे," म्हणाला. कुरकुर नाही, काही नाही. जिंकून खाली आले खरी, पण संध्याकाळी जेवण काही गोड लागलं नाही.

पुढे झालं ते ह्यांच्याकडून कळलं. माझा आवाज पुसायच्या आधीच धडधड्याने गाण्याचा एक तुकडा फोनवर टिपून एका मोठ्या जलशाच्या आयोजक बाईला पाठवला होता; तो आता फक्त तिच्याकडेच उरला होता. तिच्या दारात तो कितीतरी वर्षं खेटे घालत होता आणि दर वेळी नकारच यायचा. आता तिचा फोन आला होता: हेच गाणं हवं, पूर्ण करून रविवारपर्यंत पाठव, आमच्या रंगमंचावर सुरुवात तुझ्याने करू.

"मग अडलं कुठे?" मी म्हटलं.

"त्यांना ती बाई हवी आहे."

"कोण बाई?"

"तू."

"मग त्या तुकड्यातला आवाज काढून घ्यावा की!"

"चहात विरघळलेली साखर काढता येते का?" हे म्हणाले. "ढोल आणि तू एकत्र मिसळला आहात."

मी तडक वर गेले. "चल. कुठे ओरडायचं सांग."

तो तर उडालाच. मला कपाटात उभं केलं, कानाला हेडफोन लावले. लॅपटॉपवरचं लाल बटण दाबायचं काम ह्यांनी मागून घेतलं. दिवा लागला. मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "अरे बाळा, जरा बंद करतोस का ते?"

धडधड्याचा चेहरा बघवत नव्हता. "काकू, हे फारच गोड झालं."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. जन्मभर ओरडून पोट भरलं, आणि त्या टीचभर माइकसमोर दातखीळ बसली! मग दोघांनी मला चिडवायची मोहीम काढली. धडधड्या बूट घालून माझ्या पुसलेल्या फरशीवर फिरला. ह्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला, तोही आधी माझी परवानगी घेऊन. मला हसू फुटायला लागलं. रस्त्यात कोणी थुंकलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, आणि इथे काही केल्या राग म्हणून येईना. खरं सांगू? त्या पोराची मला माया लागली होती, आणि मायेच्या माणसावर असं ठरवून चिडता येत नाही.

रविवार उजाडला. सकाळपासून ओरडून ओरडून घसा बसायची वेळ आली, पण जमेना. "संध्याकाळी पाठवायचंय," मी म्हटलं, "एकदा अजून." मी कपाटासमोर उभी होते, हे कानाला हेडफोन लावून लॅपटॉपशी. धडधड्या गादीवर बसला होता तो उठला.

"राहू द्या काकू. खूप केलंत." मग खाली बघत म्हणाला, "काल दादाचा फोन आला होता. त्याच्या पाइपांच्या दुकानात माणूस हवाय. मी हो म्हटलंय. महिनाअखेर खोली रिकामी करतो. बास झालं, हे सगळं आता बंद करतो."

आणि खरंच वायर गुंडाळायला लागला.

माझ्या डोक्यात अशी सणक गेली म्हणून सांगू! "बंद करतोस? कोणाला विचारून? माझ्या बरण्या नाचवल्यास, दुपारची झोप घालवलीस, माझ्या ह्यांना नाद लावलास, माझं कपाट अडवलंस! आता तुझी सगळी गाणी तोंडपाठ झाल्यावर बंद करतोस होय? पाइप विकायला छप्पन्न जण मिळतील, हे कोण करणार आहे? अरे ए धडधड्या! बंद केलंस तर याद राख! तंगडं मोडून हातात देईन!"

एवढं बोलले आणि ढसाढसा रडायलाच लागले. धडधड्या वायर हातात धरून पुतळ्यासारखा उभा. त्याच्याही डोळ्यांत पाणी.

ह्यांनी शांतपणे कानाचे हेडफोन काढले. "झालं," म्हणाले. "अगदी ठोक्यावर पडलंय."

लाल दिवा चालूच होता. चुकून राहिला की मुद्दाम ठेवला, ते हा माणूस आजतागायत सांगत नाही.

धडधड्याने ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, घेऊ का?"

"ह्या वेळी विचारलंस ना? घे," मी नाक पुसत म्हटलं. "आणि दादाला फोन कर आधी."

जलशाच्या दिवशी आम्ही दोघं गर्दीत उभे होतो. आजूबाजूला सगळी हिरव्या-निळ्या केसांची पोरं. एकीने मला सांगितलं, "आजी, हे जोरात ओरडायचं असतं हं." मला शिकवते! धडधड्या रंगमंचावर आला, आमची फळी हलवणारी तीच धडधड सुरू झाली, आणि पहिलं कडवं संपताच त्या भल्यामोठ्या मैदानावर माझा आवाज घुमला, "बंद केलंस तर याद राख!" दुसऱ्या कडव्यानंतर अख्खं मैदान माझ्यासोबत ओरडलं. तिसऱ्याला त्याने मुद्दाम ताल थांबवला, माझा आवाजही काढून घेतला, आणि माइक आमच्याकडे वळवून वाट बघत उभा राहिला. तो मलाच शोधत होता, हे मला कळलं. पण मी तोंड उघडलं, तर ओरड्याऐवजी रडूच बाहेर पडलं.

तेवढ्यात माझ्या शेजारून, अगदी कानाशी, कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "अरे ए धडधड्या! बंद केलंस तर याद राख!"

मी वळून बघितलं. आमचे हे होते.